जाहिरात अर्धेच बोलते

साबण विकणारा असो वा सत्ता चालवणारा, प्रत्येकाला आपल्याला काहीतरी पटवून द्यायचे असते. पटवण्याच्या या युक्त्या मोजक्याच आहेत, जुन्या आहेत आणि थोडे लक्ष दिले तर घरबसल्या ओळखताही येतात.

किराणा दुकानात गेलेली गृहिणी 'कपडे धुण्याची पावडर द्या' असे क्वचितच म्हणते. ती नाव घेते. टूथपेस्टला सर्रास 'कोलगेट' म्हणणारी घरे आजही आहेत आणि छायाप्रतीला तर 'झेरॉक्स' याखेरीज दुसरा शब्दच कुणाला आठवत नाही. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणूनच ओळखले. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावली जायची.

हे नाव इतके घरचे कसे झाले? डालडा भारतात आला १९३७ साली. साजूक तुपाला देवघरापासून पंगतीपर्यंत मान असलेल्या देशात कारखान्यात तयार झालेले, तेलापासून गोठवलेले 'तूप' कोण घेणार, हा उत्पादकांपुढचा मोठा प्रश्न होता. मग लिंटास या जाहिरात संस्थेने कंबर कसली. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, चित्रपटगृहात दाखवायची छोटी फिल्म, डालड्याच्या डब्याच्या आकाराची गाडी आणि रस्त्यावर प्रत्यक्ष पदार्थ करून लोकांना चाखायला देणे, असे सगळे मार्ग एकाच वेळी वापरले गेले. दिसायला तुपासारखे, चवीला तुपासारखे आणि किमतीला परवडणारे, हे लोकांच्या मनावर ठसले.

यातले काहीही खोटे नव्हते. पण वनस्पती तूप तयार करताना त्यात ट्रान्स फॅट म्हणजे हृदयाला घातक असा स्निग्धांश निर्माण होतो, हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते. पुढे ते विज्ञानाने दाखवून दिले आणि जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. डब्यावरचे चित्र, चव आणि किंमत यांचा आरोग्याशी काही संबंध नव्हता. पण ग्राहकाने तो मनातल्या मनात जोडून घेतला होता.

जाहिरातीचे खरे सामर्थ्य इथे आहे. ती सरळ खोटे क्वचितच बोलते. ती अर्धे बोलते आणि उरलेले अर्धे आपण आपल्या मनाने पूर्ण करतो. मनाने पूर्ण केलेली गोष्ट स्वतःचीच वाटते, म्हणून तिच्यावर शंकाही येत नाही.

युक्त्या जुन्याच

माणसाला पटवायचे तीनच मार्ग आहेत, असे ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगून गेला. बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि सांगितलेल्या गोष्टीतला तर्क. दारावर येणारी भाजीवाली हे तिन्ही मार्ग कुणी न शिकवता वापरते. 'ताई, तुम्हाला कधी शिळी मेथी दिलीय का?' हा विश्वास. 'लेकरांना खायला घाला हो, कोवळी आहे' ही भावना. 'बाजारात वीसला एक आहे, मी तीसला दोन देतेय' हा तर्क.

फरक इतकाच, की भाजीवाली उद्या पुन्हा दारात येणार असते. मेथी शिळी निघाली तर तिला जाब विचारता येतो. पडद्यावरची ताई उद्या येते ती दुसरीच वस्तू घेऊन.

योगायोग असा, की डालडा भारतात आला त्याच १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापन झाली. युरोपात हुकूमशहांचा प्रचार जोरात होता आणि सामान्य नागरिकाला तो ओळखता यावा, असा या संस्थेचा हेतू होता. तिने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली. ती आजही तितकीच उपयोगी आहे.

१. नावे ठेवणे : विरोधकाला एक वाईट विशेषण चिकटवून द्यायचे, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकायचीच गरज उरत नाही.

२. गोंडस शब्द : 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'राष्ट्रहित', 'प्रगती'. ऐकायला छान, पण नेमका अर्थ विचारला तर हाती काही लागत नाही.

३. उसनी पुण्याई : देव, देश, आई, विज्ञान यांच्याबद्दलचा आदर वस्तूवर किंवा पक्षावर ओतायचा.

४. साक्षीदार : नट, खेळाडू किंवा पांढऱ्या कोटातला माणूस शिफारस करतो.

५. आपल्यातलाच माणूस : 'मी तुमच्यासारखाच साधा' असे दाखवायचे.

६. पत्ते लावून ठेवणे : आपल्या सोयीचे तेवढे दाखवायचे, गैरसोयीचे लपवायचे.

७. सगळे चाललेत, तुम्हीही चला : मागे राहण्याची भीती घालायची.

अमेरिका स्वतः दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा या संस्थेचे काम थांबले. आता प्रचार करायची वेळ आपल्याच सरकारवर आली होती!

ललिताजींचा हिशोब

तर्काने पटवणाऱ्या भारतीय जाहिरातीचे उदाहरण द्यायचे तर ललिताजींनाच पुढे करावे लागेल. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये 'निरमा' सुरू केला आणि काही वर्षांतच स्वस्त पिवळ्या पावडरीने सर्फसारख्या महागड्या पावडरीची झोप उडवली. किमतीत बरोबरी करणे तर शक्य नव्हते. तेव्हा जाहिरातक्षेत्रातले मुरब्बी अलेक पदमसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात एक गृहिणी उभी केली. कविता चौधरी यांनी रंगवलेली ही ललिताजी भाजी निवडून घेणारी, घासाघीस करणारी, कुणाच्या बोलण्यात न येणारी बाई. पदमसी सांगत, की ती त्यांना स्वतःच्या आईवरून सुचली. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, आणि अर्धा किलो सर्फ हा साध्या पावडरीच्या एक किलोबरोबर आहे, असा तिचा सरळ हिशोब होता.

या जाहिरातीत युक्त्या दोन होत्या. एक 'आपल्यातलाच माणूस'. दुसरी जास्त हुशारीची. महाग वस्तू घेणे हा उधळेपणा नसून चाणाक्षपणा आहे, असे म्हणून तिने ग्राहक स्त्रीच्या बुद्धीला मान दिला. त्या काळी जाहिरातीतल्या बहुतेक बायका नवऱ्याच्या पसंतीची वाट पाहत उभ्या असत. ललिताजी स्वतः ठरवत होत्या, म्हणून त्या लोकांना आवडल्या.

तरीही ही जाहिरात इतरांपेक्षा प्रामाणिक म्हटली पाहिजे, कारण तिचा दावा घरी तपासता येत होता. दोन्ही पावडरी आणायच्या, बादल्या मोजायच्या आणि महिन्याचा हिशोब मांडायचा. लाखो घरांनी तो मांडलाही असावा. ज्यांना सर्फ परवडला आणि पटला त्यांनी तो घेतला. बाकीच्यांनी निरमा सोडला नाही. शेवटी सर्फच्याच कंपनीला स्वस्त गटात 'व्हील' घेऊन उतरावे लागले. दावा तपासता येत असेल तर जाहिरात कितीही चतुर असो, अखेरचा शब्द ग्राहकाचाच राहतो.

स्वातंत्र्याची मशाल, हातात सिगारेट

दावा तपासताच येऊ नये, अशी व्यवस्था केली जाते तेव्हा मात्र धोका असतो. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर चाललेल्या मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. अमेरिकन स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळून नऊच वर्षे झाली होती आणि स्त्रीने चारचौघांत धूम्रपान करणे शिष्टसंमत नव्हते. हातातल्या सिगारेटी म्हणजे 'स्वातंत्र्याच्या मशाली' आहेत, असे जाहीर करण्यात आले. वर्तमानपत्रांनी ही बातमी म्हणून छापली.

वाचकांना हे कळले नाही, की ही सारी योजना एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाची होती आणि त्याला पैसे देत होती लकी स्ट्राइक सिगारेट बनवणारी अमेरिकन टोबॅको कंपनी. बर्नेज हा प्रसिद्ध मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचा भाचा. सिगारेट विकायची तर तिची चव सांगू नका, ती कशाचे प्रतीक वाटेल ते पाहा, हे त्याला नेमके कळले होते. यात तंबाखूविषयी एक अक्षरही नव्हते. होते ते स्वातंत्र्य, आणि त्याला विरोध कोण करणार? पुढे धूम्रपानाचे दुष्परिणाम सिद्ध झाल्यावर याच बर्नेजने साठच्या दशकात सिगारेटविरोधी मोहिमेला हातभार लावला. पण एकदा लागलेली सवय पत्रक काढून सुटत नाही.

आपल्याकडे केबल दूरचित्रवाणीवर दारू आणि तंबाखूच्या जाहिरातींना २००० साली बंदी आली आणि २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती इतरत्रही बंद झाल्या. मग त्याच नावाची वेलची, त्याच नावाचा सोडा, त्याच नावाच्या संगीताच्या कॅसेट अवतरल्या. नाव तेच, डौल तोच, नट मोठा. वेलचीसाठी इतका खर्च कोण करतो, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडावा. २०२२ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी अशा आडवाटेच्या जाहिरातींना मनाई केली आहे.

आधी लाज, मग मलम

सर्वांत खोल जखम करणारी युक्ती म्हणजे लाज वाटायला लावणे. माणसाला त्याच्यातली एखादी 'उणीव' दाखवायची, तिचे परिणाम भयंकर म्हणून रंगवायचे आणि मग उपाय हातात द्यायचा.

गोरेपणाच्या क्रीमचा इतिहास हेच सांगतो. 'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ साली आली. गोऱ्या रंगाचे वेड तिने निर्माण केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थळांच्या जाहिरातींत 'वधू गोरी हवी' ही अट त्याआधीपासून होती आणि आजी-मावश्यांच्या तोंडी 'रंग जरा सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्यही होते. पण जाहिरातीने त्या वेडाला रोज संध्याकाळी खतपाणी घातले आणि त्यावर विज्ञानाचा मुलामा चढवला. सावळ्या चेहऱ्याच्या छटा मोजणारी पट्टी पडद्यावर येऊ लागली.

या मालिकेतली एक जाहिरात विशेष गाजली. निवृत्त बाप पैशांच्या ओढाताणीत 'आपल्याला मुलगा असता तर' असे हळहळतो. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते आणि बापाला अभिमान वाटतो. तीसेक सेकंदांत मुलीचे दोन 'अपराध' सांगून झाले : मुलगी असणे आणि सावळी असणे. शिक्षण, कष्ट, हुशारी यांचा उल्लेखही नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या आणि सरकारच्या दट्ट्यानंतर २००३ मध्ये अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. २००९ मध्ये चेन्नईच्या एका स्त्री संघटनेने सावळ्या रंगाच्या बाजूने मोहीम सुरू केली. पुढे अभिनेत्री नंदिता दास हिने तिला चेहरा दिला. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्रातल्या स्वयंनियमन संस्थेने नियम केला, की सावळ्या व्यक्ती दुःखी, अपयशी किंवा नाकारलेल्या दाखवू नयेत. आणि २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला, तिथे 'ग्लो' आला.

नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. तोवर किती मुलींनी आरशासमोर उभे राहून स्वतःलाच कमी लेखले असेल, याची नोंद कुठल्याच ताळेबंदात नसते. आणि याची जबाबदारी केवळ कंपनीची नाही. 'उन्हात फिरू नकोस, काळी पडशील' असे घरात रोज ऐकणाऱ्या मुलीला जाहिरात काही नवे सांगत नव्हती. घरात ऐकलेलेच ती पडद्यावर खरे करून दाखवत होती.

आईच्या काळजीचा भाव

दुसरी हळवी जागा म्हणजे आईची काळजी. मूल उंच होईना, वर्गात मागे पडते, दमते. यातली कुठली तरी चिंता प्रत्येक आईला असतेच. दुधात घालायच्या पावडरींनी या चिंतेवर आपला बाजार उभा केला. शेजारचा मुलगा दोन इंच उंच झाला, तुमचा का नाही, असा प्रश्न मोजपट्टीसकट विचारला गेला. ही 'सगळे चाललेत' युक्ती. पांढरा कोट घातलेला माणूस शेजारी उभा राहिला. हा 'साक्षीदार'.

आता कायद्याची एक गंमत पाहा. औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. ज्या ५४ विकारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आणि कर्करोगाबरोबर माणसाची उंचीही आहे. म्हणजे एखाद्या गोळीने 'उंची वाढवते' म्हटले तर तो गुन्हा. पण या कायद्यातल्या औषधाच्या व्याख्येत खाद्यपदार्थ येत नाहीत. दुधातली पावडर हा खाद्यपदार्थ. त्यामुळे पावडरीचा दावा या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, तेव्हा ही फट थोडी बुजली. परदेशात मात्र हात आखडावा लागे. मुले 'अधिक उंच, अधिक बळकट, अधिक तल्लख' होतात असे सांगणारी हॉर्लिक्सची जाहिरात २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका नेपाळी वाहिनीवर झळकली, तेव्हा तिथल्या नियामक संस्थेने ती थांबवली.

या पावडरींना आणखी एक कवच होते, 'हेल्थ ड्रिंक' या शब्दाचे. 'गोंडस शब्द' म्हणतात तो हाच. २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील एका चित्रफितीमुळे बोर्नव्हिटातल्या साखरेची देशभर चर्चा झाली आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला नोटीस पाठवली. कंपनीने नंतर साखरेचे प्रमाण कमी केले. २०२४ च्या एप्रिलमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणि वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितले, की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही! ज्या शब्दावर विसंबून आयांनी वर्षानुवर्षे डबे विकत घेतले, त्याला कायद्याच्या पुस्तकात जागाच नव्हती.

तेच सूत्र, वेगळा माल

वस्तू विकण्याच्या युक्त्या विचार विकण्यासाठीही चालतात. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ब्रिटनमध्ये एक भित्तिचित्र निघाले. आरामखुर्चीत बसलेल्या बापाच्या मांडीवर छोटी मुलगी आहे आणि ती विचारते आहे, की महायुद्धात तुम्ही काय केले? पायाशी मुलगा खेळण्यातल्या सैनिकांशी खेळतो आहे. बापाचा चेहरा ओशाळलेला. हवाई सुंदरीच्या जाहिरातीत मुलीला बापापुढे लाजवले होते, इथे बापाला मुलीपुढे. एकीकडे विकायची होती क्रीम, दुसरीकडे हवे होते रणांगणावर जाणारे तरुण.

उसन्या पुण्याईचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी लागू झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते तुरुंगात गेले. भिंतींवर 'बोलणे कमी, काम जास्त' अशा अर्थाच्या घोषणा झळकू लागल्या. गोंडस शब्द पुष्कळ होते, पण त्यांना नैतिक वजन हवे होते. ते मिळाले पवनारच्या आश्रमातून. विनोबा भावे त्या वर्षी मौनात होते. त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द आले आणि सरकारी प्रचाराने ते देशभर लावले. महाभारतातल्या एका पर्वाचे नाव आणि गांधीजींच्या पट्टशिष्याचा शब्द. सामान्य माणसाला वाटले, विनोबांनीच आशीर्वाद दिला. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला, की सत्ता चालवते ते शासन आणि निर्भय, निःपक्ष आचार्य देतात ते अनुशासन. पण हा उलगडा भिंतींवर कोण लावणार? घोषणेला दोन शब्द पुरतात, खुलाशाला परिच्छेद लागतो. अर्धे सांगणाऱ्याचा फायदा होतो तो यामुळेच.

मग पटवण्याची ही सारी विद्याच वाईट म्हणायची का? तसेही नाही. पोलिओचे उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशासारख्या भागात डोस घेतल्याने मुलांना पुढे संतती होत नाही, अशी अफवा पसरली होती. आकडेवारी सांगून ती जाईना. तेव्हा अमिताभ बच्चन पडद्यावर आले आणि मुलांना डोस न देणाऱ्या आईबापांवर चक्क रागावले. स्थानिक धर्मगुरूंनीही शब्द टाकला. साक्षीदार होता, लाज होती, भावना होती, सगळ्या युक्त्या त्याच. जोडीला लाखो कार्यकर्ते घरोघर फिरत होते. देशातला अखेरचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

दोन्हींतला फरक सरळ आहे. पोलिओच्या मोहिमेत पटवणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते, दावा उघड तपासता येत होता आणि फायदा ज्याला पटवायचे त्याच्याच मुलाचा होता. बर्नेजच्या मिरवणुकीत यातले एकही नव्हते.

घरात विचारायचे पाच प्रश्न

जाहिराती बंद करता येणार नाहीत आणि करूही नयेत. नवी वस्तू, कमी किंमत, सरकारी योजना हे सारे आपल्याला जाहिरातीतूनच कळते. पण पाहताना काही प्रश्न विचारायची सवय घरातल्या सर्वांना लावता येईल.

पहिला प्रश्न, हे कोण सांगत आहे आणि पैसे कोणी दिले? नटाला पावडरीचे ज्ञान नसते, त्याला मानधन मिळालेले असते. मोबाइलवर 'मी हे वापरते' म्हणणारी मुलगीही अनेकदा पैसे घेऊन बोलत असते. तसे असेल तर ते जाहीर करणे तिच्यावर बंधनकारक आहे.

दुसरा, नेमके काय म्हटले? 'दुप्पट शुभ्र' म्हणजे कशाच्या दुप्पट? 'मदत करते' म्हणजे बरे करते असे नव्हे. '५० टक्क्यांपर्यंत सूट' यात सगळा जीव 'पर्यंत'मध्ये असतो.

तिसरा, मनात कोणती भावना उठली? भीती, लाज किंवा घाई असेल तर दोन दिवस थांबावे. 'फक्त दहा मिनिटे शिल्लक' असे सांगणारी खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजवणे, हे दोन्ही प्रकार केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातले आहेत.

चौथा, काय सांगितले नाही? त्यासाठी पाकीट उलटे करावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर असेल, तर पुढच्या बाजूचे बदाम कितीही मोठे काढलेले असोत, आत साखरच जास्त आहे. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक लहान चमचा, हे ध्यानात ठेवले की हिशोब सोपा होतो.

पाचवा, हे घरी तपासता येईल का? ललिताजींचा दावा तपासता येत होता. 'आत्मविश्वास वाढतो' हा दावा कुठल्या बादलीत मोजणार?

दिशाभूल झालीच तर गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आहे. फसव्या जाहिरातीसाठी ते दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. शिफारस करणाऱ्या नामवंतालाही दंड आणि जाहिरातबंदी होऊ शकते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये हेच बजावले, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ती करणारे नामवंतही तितकेच जबाबदार आहेत. बारीक अक्षरातली सूचना दाव्याच्याच भाषेत हवी, असा २०२२ चा नियम आहे. म्हणजे मराठीत दावा आणि इंग्रजीत खुलासा, हे चालणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि मुंबईतली जाहिरात मानक परिषद १९८५ पासून तक्रारी ऐकत आली आहे.

मुलांसाठी तर हा एक खेळच होऊ शकतो. जाहिरात लागली की वाहिनी बदलण्याऐवजी सात युक्त्यांपैकी यात कोणती, हे ओळखायला सांगावे. आठ-नऊ वर्षांची मुले हे झपाट्याने शिकतात आणि मग आईबाबांनाही सोडत नाहीत. 'शेजारच्या चिन्मयला बघ, किती मार्क पडतात त्याला' असे म्हटल्यावर 'आई, ही सातवी युक्ती!' असे उत्तर आले तर रागावू नये. तेच मूल मोठे होऊन मतदानाच्या रांगेत उभे राहील तेव्हाही घोषणा ऐकून हाच हिशोब करील.